खळ्ळ, सर्र, किर्र, टप्प

पंचगंगेच्या काठावरून उकळत्या रसाचा वास आला की मला भज्यांची आठवण होते. घरात हे बोलून दाखवलं तर सून म्हणते, "मामा, भूक लागलीया तर सरळ सांगा की." तिचं काही चुकत नाही. गुऱ्हाळाचा वास आल्यावर माणसाला गूळ आठवावा, काकवी आठवावी, फार तर रसात शिजवलेली रताळी आठवावीत. पण माझं नाक तरुणपणी बिघडलं ते बिघडलंच. हंगाम आला, थंडी पडली, रस्त्यावर उसाच्या शेंड्यांची वाढी सांडायला लागली, की मी मनानं थेट उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये जाऊन उभा राहतो आणि तिथं गरम तेलाचा वास दरवळत असतो.

झालं होतं असं, की आमच्या लेथला, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनला, लागणारं चांगलं तेल त्या काळात वेळेवर मिळायचं नाही. मग आम्ही मशीनच्या तेलात करडईचं तेल मिसळायचो. हत्यार लोखंडात घुसलं की ते तापायचं आणि तळणीचा वास सुटायचा. रस्त्यानं जाणारा एखादा पावणा वासावर दारापर्यंत येऊन विचारायचा, "घाणा झाला का वो?" आणि आत निळ्याकाळ्या किसाचे ढीग बघून खजील होऊन परतायचा. तो कीसही असा, की शेवयांसारखा वेटोळी घालत खाली पडायचा आणि हात लावला की बोट कापायचं. माझ्या बायकोनं, शेवंतानं, एकदा तो कोळशाच्या राखेबरोबर भांडी घासायला घेतला आणि पितळी तांब्यावर कायमचे ओरखडे पाडून घेतले. तो तांब्या आजही घरात आहे. त्याचा विषय निघाला की ती खापर माझ्यावर फोडते.

उद्यमनगर तेव्हा नुकतं वसत होतं. निम्म्या जागांवर शेड आणि निम्म्यांवर कुसळी गवत, त्यात चरणाऱ्या म्हशी. पण ज्या शेडमध्ये जावं तिथं कुणी ना कुणी ऑइल इंजिनचं काहीतरी घडवत असायचं. बैलांचे चरक मागं पडून इंजिनवरचे चरक येत होते. दसरा जवळ आला की शेतकरी इंजिनवाल्यांच्या दारात येऊन बसायचे, कारण ऊस तयार असताना इंजिन नसेल तर करायचं काय? आमच्या शेडमध्ये त्या इंजिनाच्या तेलपंपात बसणारी पिन व्हायची. बोटाच्या पेराएवढी, मधोमध भोक. दिसायला क्षुल्लक, पण तिच्यावाचून इंजिन म्हणजे नुसतं लोखंडाचं ओझं.

ही पिन करायला मालकांनी लढाईनंतरच्या भंगारातून एक ऑटोमॅटिक लेथ आणला होता. साध्या लेथवर कारागिराचे दोन्ही हात गुंतलेले असतात. याला हातांची गरज नव्हती. त्याच्या पोटाखालून एक दांडा सावकाश फिरायचा आणि दांड्यावर लोखंडी चकत्या बसवलेल्या असायच्या. त्यांना कॅम म्हणतात. कॅम म्हणजे एकाच बाजूनं फुगलेली भाकरी समजा. भाकरीचा फुगा वर आला की तो एका हत्याराला पुढं ढकलणार, फुगा सरला की हत्यार माघारी. प्रत्येक हत्याराला आपापला कॅम, आणि दांड्याचा एक फेरा झाला की एक पिन तयार.

सळई पुढं सरकायची, खळ्ळ. बाजूचं हत्यार तिला सोलायचं, सर्र. समोरून ड्रिल तिच्या पोटात शिरायचं, किर्र. मग कापणारं हत्यार येऊन तिची मान उडवायचं आणि पिन खालच्या पत्र्याच्या डब्यात पडायची, टप्प. मागच्या लांब पाईपातून सळईचं शेपूट सारखं खडखडत असायचं ते वेगळंच. खळ्ळ, सर्र, किर्र, टप्प. दिवसभर हेच. शेडमधला माणूस तंबाखू मळायचा तर याच तालावर आणि कानस चालवायचा तर याच तालावर.

माझं काम काय, तर नळीतून तेलाची धार नीट पडते का बघायचं, सळई संपली की दुसरी घालायची, अधूनमधून पिन मापून बघायची आणि कान उघडे ठेवायचे. मुरगूडहून आमचे वडील एकदा मला बघायला आले. अर्धा दिवस मशीनसमोर डबड्यावर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "सदा, समदं ह्येच करतंय की रं."

"व्हय आबा."

"मग पगार तुला कशापायी?"

मी तेलाची नळी सारखी करायला वाकलो. सळया उचलणारा हिंदुराव पैलवान मात्र खो खो हसला. जाताना वडील म्हणाले, "ह्ये यंत्र तुझं पोट भरंल तवर भर. ज्या दिशी बंद पडंल त्या दिशी मुरगूडला यायचं. तितं रान वाट बगतंय." बोलणं मायेचं होतं, पण त्यात धाकही होता. मला शेताचा कंटाळा होता असं नाही. पण या मशीनवर माझा जीव जडला होता, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

जीव आणखी एका माणसाचा जडला होता, पण वेगळ्या कारणानं. शेजारच्या फौंड्रीचे कल्लाप्पा अण्णा. सीमेकडच्या गावातून आलेला, गोल पोटाचा, गोड बोलणारा माणूस. त्यांच्या भट्टीला जुनं, चांगलं बीड लागायचं, म्हणजे ओतीव लोखंड. रोज सकाळी ते आमच्या शेडमध्ये डोकावायचे आणि मशीनच्या अंगावर बोटाचं पेर वाजवून बघायचे, जसं बाजारात कलिंगड वाजवून बघतात. "काय बीड हाय वो," ते उसासा टाकायचे. "मालक, ह्ये बंद पडलं की आदी मला सांगा बरं का. दुसऱ्याला देऊ नगा." माझ्या अंगावर काटा यायचा. पण अण्णा इतके हसतमुख, की त्यांच्यावर रागावताही येत नसे.

मूळ मशीनबरोबर आलेले कॅम लढाईच्या कसल्याशा वस्तूचे होते, आमच्या पिनेसाठी ते कुचकामी. आमच्या धोंडीराम मिस्त्रींनी जाड पत्र्यातून नवे कॅम कापले आणि कानशीनं घासघासून आकाराला आणले. घासायचं, बसवायचं, मशीन फिरवायचं, पुन्हा काढून घासायचं. त्यांच्या हातात सारखी कानस बघून मालकांचा धीर सुटत चालला होता. गणपतीच्या सुमारास अखेर पिन मनासारखी पडली, तेव्हा मिस्त्रींनी प्रत्येक कॅमवर आणि त्याच्या शेजारी दांड्यावर तांबड्या रंगाचा एकेक ठिपका दिला. ठिपक्याला ठिपका भिडवून आवळलं की कॅम बरोबर जागी. त्या ठिपक्यांत मिस्त्रींची सगळी मेहनत होती.

आणि मग खंडेनवमी आली.

हिंदुराव पैलवानाबद्दल सांगायला हवं. तालमीत नाव कमावलेला गडी, कान मोडलेले, मान रांजणासारखी. गुडघा दुखावल्यावर कुस्ती सुटली आणि तो आमच्याकडं सळया उचलायला आला. सळयांची मोळी तो एकटा खांद्यावर घ्यायचा. त्या मशीनला तो 'वस्ताद' म्हणायचा. का, तर ते स्वतः दम खायचं नाही आणि आम्हालाही खाऊ द्यायचं नाही. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, यंत्रं बंद ठेवायची, हा रिवाज. आदल्या दिवशी आम्ही सगळे झाडलोट करून घरी गेलो. पैलवान मागं राहिला. त्याच्या मनानं घेतलं, की वस्तादाला जरा अंघोळ घालावी.

सकाळी आम्ही आलो तर शेड लखलखत होती. मशीनला झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, आणि समोर पाटावर सगळे कॅम मांडलेले. देव्हाऱ्यातले टाक उजळतात तसे चिंच आणि राख लावून उजळलेले. प्रत्येकाला हळदकुंकू. दांडाही असा घासलेला, की मिस्त्रींनी वाकून पाहिलं तर त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या. तांबडे ठिपके दिसले नाहीत. एकही नाही.

"पैलवान," मिस्त्री अगदी हळू आवाजात म्हणाले, "खुणा कुटं गेल्या?"

"कसल्या खुणा? तांबडं डाग व्हतं ती? लई चिवट, मिस्त्री. पर काडलं!"

मिस्त्री खाली बसले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. सणाचा दिवस, पूजा मांडलेली, त्यात पैलवानाचा तो निरागस आनंद. कोण रागावणार? आम्ही आरती केली आणि खोबऱ्याचा प्रसाद खाल्ला.

दसऱ्याचं सोनं लुटून दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर आलो, तर आमच्या आधी येऊन पैलवानानं कॅम बसवूनही टाकले होते. मिस्त्री यायच्या आत मालकांनी हौसेनं मला पट्टा चढवून मशीन चालू करायला सांगितलं आणि मीही केलं. सळई पुढं आली, खळ्ळ. आणि नंतर जे झालं त्याला आवाज म्हणायचं की काय, मला ठाऊक नाही. बाजूचं हत्यार, समोरचं ड्रिल आणि कापणारं हत्यार, तिघं एकदम त्या बिचाऱ्या सळईवर तुटून पडली. ड्रिलचे तुकडे झाले, एक तुकडा मालकांच्या टोपीवरून सणसणत गेला. मी पट्टा उतरवला. भिंतीपलीकडच्या आमच्या खोलीतून माझी तान्ही मंगल रडल्याचं ऐकू आलं.

मिस्त्री आले, त्यांनी वाकून पाहिलं. सगळ्या कॅमचे फुगे एकाच बाजूला. "पैलवान, ह्ये आसं का बशिवलंस?"

हिंदुराव गोंधळला. "पुजंत देवांची तोंडं उगवतीला नगत व्हय? मग बशिवतानाबी तशीच बशिवली. येकाचं तोंड हिकडं, दुसऱ्याचं तिकडं, आसं बरं दिसतंय का?"

मी हसावं की रडावं या विचारात होतो, पण मालक हसले नाहीत. त्यांच्याकडं इंजिनवाल्यांचे निरोपावर निरोप येत होते. "मिस्त्री, गुऱ्हाळं पेटायच्या आत पिना पडल्या तर पडल्या. न्हाईतर कल्लाप्पाला गाडी घिऊन बोलावतो," ते म्हणाले आणि टोपी झटकत निघून गेले. ती बातमी भिंतीतून फौंड्रीत कशी पोचली देव जाणे. दुपारी अण्णा आले, मशीनवर पेर वाजवलं, मला म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगं रं सदा," आणि डोळ्यांनी मशीनची लांबीरुंदी मापत बसले.

कोणता कॅम कोणत्या हत्याराचा, हे मिस्त्रींना आकारावरून कळत होतंच. आधी सोलायचं, मग भोक, मग कापणं, हा क्रमही शेडमधल्या मांजराला ठाऊक होता. अडत होतं ते मधल्या श्वासापाशी. एक हत्यार मागं सरल्यावर दुसऱ्यानं नेमकं किती थांबून पुढं यायचं? केसभर लवकर आलं की दोघांची टक्कर, केसभर उशिरा आलं की पिनेला मिशा फुटायच्या, आम्ही त्यांना कुसळं म्हणायचो. मिस्त्री कॅम सरकवत, मी पट्टा चढवत होतो आणि डब्यात नुसत्या कुसळवाल्या पिना पडत होत्या. आकाशकंदील लागले. वाऱ्यावर कुठूनतरी पहिल्या काकवीचा वास आला, म्हणजे मालकांनी दिलेली मुदत संपत आली होती. मनात मी मुरगूडच्या एस.टी.त जाऊन बसलोही होतो.

आता शेवंताबद्दल. आमची खोली शेडच्या मागच्या भिंतीला लागून होती, भिंतीत वर एक झरोका. लग्न होऊन आल्यापासून त्या खडखडाटाविरुद्ध तिची तक्रार चालू होती. "कान गेलं माजं. काय ह्ये मशीन म्हनायचं का कैदाशीन? त्यापरीस मुरगूड बरं." हे ती रोज म्हणायची, जेवण वाढताना तर हमखास. त्यामुळं मशीन जाणार हे तिला सांगताना मला वाटलं होतं, हिला बरं वाटेल.

 पण तिची तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि करपली. मग म्हणाली, "तुमचं त्ये लंगडतंय."

"काय?"

"मशीन. मी पोरीला झोका देत्ये, तर हात अडखळतोय. आदी कसं, खळ्ळ झालं की दोरी वडायची, सर्र झालं की सोडायची. मग त्ये जरा दम घ्यायचं आन् मग किर्र. आता दमच घेत न्हाई. आन् टप्प तर उगं घाईघाईनं. पोरगी दचकून उटती. तुमी समदी तितं हुबी ऱ्हाऊन करताय तरी काय?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी उठून, खरकट्या हातानं, मिस्त्रींकडं पळालो.

मिस्त्री हाडाचे कारागीर. त्यांनी एका शब्दानं शंका घेतली नाही. फक्त म्हणाले, "पोरीला पाळण्यात घाला म्हनावं." आणि मग आमच्या शेडमध्ये जे काम झालं तसं कुठल्याच शेडमध्ये झालं नसेल. भिंतीपलीकडं शेवंता पाळण्याची दोरी धरून बसली. परक्या पुरुषांसमोर ती येणार नव्हती, म्हणून झरोक्याखाली पिंपावर हिंदुराव पैलवान उभा राहिला, तिचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचवायला. त्याचा आवाज तालमीतला, त्यामुळं ते सगळ्या उद्यमनगराला पोचत होतं.

"वैनी म्हनत्यात, किर्र अजून घाईत हाय!"

मिस्त्री पाना घेऊन कॅम जरासा मागं सरकवायचे. मी पट्टा चढवायचा.

"वैनी म्हनत्यात, आता लईच दमलं! वाईच फुडं घ्या!"

पुन्हा पाना, पुन्हा पट्टा. पाळण्यात मंगल कोकलत होती. शेजारच्या शेडमधली माणसं दारात जमली. कल्लाप्पा अण्णाही आले, हात मागं बांधून, तोंड बारीक करून. मालक आले, त्यांना काय चाललंय ते कुणी सांगेना. त्यांनी एकदा तोंड उघडलं तर मिस्त्रींनी चक्क मालकांना बोटानं गप्प बसवलं.

खळ्ळ. सर्र. क्षणभर काहीच नाही. किर्र. टप्प.

खळ्ळ. सर्र. क्षणभर काहीच नाही. किर्र. टप्प.

पैलवान झरोक्याला कान लावून उभा. त्याच्या चेहऱ्याकडं आम्ही सगळे टक लावून बघतोय. मंगलचं रडणं हुंदक्यांवर आलं, हुंदके लांब लांब गेले, आणि मग पलीकडून काहीच ऐकू येईना. पैलवानानं आमच्याकडं तोंड फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजला, "निजली."

मी डब्यातली पिन उचलली. गरम होती, तेलानं निथळत होती. मापून बघितली, नखानं कडा चाचपली. कुसळ नव्हतं. मिस्त्रींनी लगेच मशीन थांबवून छन्नी घेतली आणि प्रत्येक कॅमवर, दांड्यावर खोल घाव घालून खुणा केल्या. "आता लाव म्हनावं चिंच," ते पुटपुटले, आणि बघतात तर पैलवानाच्या डोळ्यांत पाणी.

मला आनंद झाला, फार आनंद झाला. पण घरी येऊन मी शेवंताला विचारलं, "तुला तर मुरगूड बरं वाटत होतं ना? मग गप्प बसली असतीस तर मशीन आपोआप गेलं असतं की."

ती माझ्याकडं असं बघत राहिली की मी काही भलतंच विचारलंय. "भांडायला काय तरी नगं व्हय मानसाला?" म्हणाली आणि करपलेली भाकरी माझ्याच ताटात वाढली.

हंगाम दणक्यात झाला. एका शेतकऱ्यानं नव्या गुळाची ढेप आणली, मालकांनी ती शेडमध्ये फोडली. तेलकट हातांनी खाल्लेल्या त्या गुळाला करडईच्या तेलाचा वास होता, आणि इतका गोड गूळ मी नंतर खाल्ला नाही. कल्लाप्पा अण्णांनीही मोठा खडा उचलला. मशीनवर पेर वाजवून म्हणाले, "आज न्हाई तर उद्या. शेवटाला माझ्याकडंच येनार की ह्ये." पुढच्या खंडेनवमीपासून पैलवानाला मशीनच्या जवळ जायची बंदी झाली. तो दारातूनच हात जोडायचा, हळदकुंकू आम्ही लावायचो.

कल्लाप्पा अण्णांचं म्हणणं खरं ठरलं. खूप हंगामांनंतर ठरलं, पण ठरलं. दांडा झिजला, नवी मशिनं आली आणि एक दिवस अण्णांची गाडी दारात लागली. मशीन फोडायला घेतलं तेव्हा मी मुद्दाम मुरगूडला निघून गेलो. परत आलो तर अण्णा घरी येऊन गेले होते. त्या बिडातून त्यांनी एक खलबत्ता ओतला होता आणि शेवंताच्या हातात दिला होता. म्हणाले होते, "वैनी, ह्ये तुमचं मशीन. उरलेलं माजं."

काल मंगल माहेरी आली. तिच्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरतंय, याद्या, खरेदी, पाहुण्यांचे रुसवेफुगवे. केसांत पांढरं दिसायला लागलंय. संध्याकाळी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली आणि गाऱ्हाणी सांगत राहिली. नदीकडून काकवीचा वास येत होता. शेवंता चहासाठी त्या खलबत्त्यात आलं कुटत होती. बत्ता आपटायचा, मग खलाच्या कडेनं घासून फिरवायचा, मग जरा थांबायचं, मग पुन्हा घासणं आणि शेवटी एक हलका ठोका. कुणी शिकवलं नाही, ती नेहमी असंच कुटते.

मी चहाआधी गुळाचा खडा मंगलपुढं केला, तर तिचा आवाजच नाही. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, गाढ झोपलेली.

शेवंतानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आलं केव्हाच बारीक झालं होतं. ते तिनं चिमटीनं काढून ताटलीत ठेवलं, आणि रिकाम्याच खलात बत्ता चालवत राहिली.